आवतणाआधीचा खड्डा

आर्कादियोनं गुरुवारी खड्डा खणायला घेतला आणि शुक्रवारी दुपारपर्यंत त्याची कंबर कामातून गेली होती.

जमीन वरून मऊ, गवताची, काळीभोर. पण वीतभर खाली गेलं की चिवट पिवळी माती आणि तिच्यात जुन्या झाडांची मुळं. प्रत्येक मूळ कुऱ्हाडीनं तोडायचं, मग फावड्यानं माती उपसायची, मग कमरेवर हात ठेवून उभं राहायचं आणि खाली समुद्राकडे बघायचं. आर्कादियो कोलिवोरोनं उभं आयुष्य पॅटागोनियात परक्यांच्या मेंढ्या कातरण्यात घालवलं होतं. मेंढ्या कातरणाऱ्याची कंबर पन्नाशीतच म्हातारी होते, आणि हा तर साठी उलटून गेलेला. पण खड्डा दुसऱ्या कुणाकडून खणून घ्यायचा नाही, हे त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. गावाला राबायला बोलवायचं, मग गावाला जेवू घालायचा खड्डा तरी आपल्या हातचा असावा. विचार चांगला होता. हा माणूस विचार चांगलाच करत असे, फक्त अर्धवट करत असे.

त्याची थोरली बहीण एदेल्मिरा बादलीभर पाणी घेऊन वर आली. खड्ड्याच्या काठावर उभी राहून तिनं आत डोकावून पाहिलं.

“कुणासाठी खणतोयस एवढं? बिशप येणार आहेत का जेवायला?”

“साठ माणसं धर, ताई. सगळं गाव येणार म्हटल्यावर.”

“साठ माणसं आली तर देव पावला म्हणायचं,” एदेल्मिरा म्हणाली. तिनं पाण्याची बादली त्याच्या पायाशी ठेवली आणि ती तशीच उभी राहिली. तिलाही खाली घरी जायची घाई नव्हती.

घराकडे बघवतच नसे. वडिलांनी कड्यापासून चांगलं लांब बांधलेलं ते लाकडी घर आता कड्याच्या तोंडाशी आलं होतं. घर हललं नव्हतं, कडाच सरकत आला होता. गेल्या जूनच्या वादळात कोंबड्यांचं खुराडं गेलं, त्याच्या आदल्या वर्षी कुंपण गेलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पूर्वी अंगण दिसायचं, आता सरळ पाणी दिसे. येता हिवाळा ते घर काढणार नाही, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. म्हणून आर्कादियो पॅटागोनियातलं सगळं आवरून बेटावर परत आला होता, आणि म्हणून शनिवारी मिंगा ठेवला होता. सगळ्या गावानं आपापले बैल आणायचे, घराला दोर लावायचे, आणि अख्खं घर ओंडक्यांवरून ओढत चढ चढवून वरच्या शेतात नेऊन ठेवायचं. मजुरी कुणी घेत नाही. घरधन्यानं खड्ड्यात दगड तापवून कुरांतो, म्हणजे शिंपल्या-मांसाचं जेवण, शिजवायचा आणि सगळ्यांना पोटभर वाढायचा, एवढंच. आणि घर नाहीच हललं, तर एदेल्मिराला कास्त्रो शहरात भाचीच्या बिऱ्हाडी जावं लागणार होतं. तिथे खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते. हे ती कुणाला बोलून दाखवत नसे, पण भाचीचं नाव निघालं की तिचा चेहरा उतरे.

“आणि हे काय?” तिनं खड्ड्याशेजारच्या दगडांच्या ढिगाकडे बोट केलं.

“दगड. ओढ्यातले आणले. बघ कसे गुळगुळीत आहेत.”

“ओढ्यातले?” एदेल्मिरानं एक दगड उचलून हातात तोलला आणि खाली टाकला. “यांच्या पोटात पाणी असतं रे. आगीत बंदुकीसारखे फुटतील आणि पहिला तुकडा तुझ्याच कपाळात बसेल. पॅटागोनियात मेंढ्यांबरोबर माणसांची अक्कलही कातरतात का?”

आर्कादियोनं तो दगड पायानं बाजूला लोटला. हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं, फक्त मध्ये इतकी वर्षं गेली की ठाऊक असलेलं बुडाशी जाऊन बसलं होतं. उरलेला सबंध शुक्रवार त्यानं वरच्या शेताच्या पडक्या बांधातले कोरडे दगड एकचाकी ढकलगाडीतून आणण्यात घातला. ओढ्यातले दगड वाहून आणताना जेवढं दुखलं होतं, त्याहून हे आणताना जास्त दुखलं. चुकीनंतरचं काम नेहमीच जड लागतं.

शनिवारी उजाडताच त्यानं लाकडं रचली, वर दगड मांडले आणि आग दिली. हवा कोरडी होती. जाळ छान पेटला. एदेल्मिरानं शिंपल्या आणि तिसऱ्या धुऊन टोपल्यांत भरून ठेवल्या होत्या. डुकराचं खारवलेलं मांस होतं, सॉसेजच्या माळा होत्या, बटाटे होते, किसलेल्या बटाट्याच्या जाड पोळ्या थापून फडक्याखाली झाकल्या होत्या. नाल्काची छत्रीएवढी पानं एकावर एक रचलेली होती. वरून झाकायला गवतासकट कापलेली मातीची ढेपळंही तयार होती. घराखाली ओंडके सरकवून झालेच होते. चूल बाहेर काढली होती, खिडक्यांची तावदानं काढली होती. घर अगदी प्रवासाला निघाल्यासारखं दिसत होतं.

दगड काळ्याचे तांबडे झाले. लाकडं जळून खाली बसली. पण माणूस एक आला नाही.

एदेल्मिरानं शिंपल्या परत एकदा धुतल्या. आर्कादियोनं आगीत आणखी लाकडं घातली, दोर मोकळे केले, परत गुंडाळले. खालच्या वाटेवर एक कुत्रं आलं, त्यानं वास घेतला आणि तेही निघून गेलं. मग आर्कादियो उलट्या बादलीवर बसला आणि त्याला वाटलं, आता आपल्याला इथून कुणी उठवू नये. राग येण्याइतकंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. तीस वर्षं बाहेर राहिल्यावर माणसाला गाव विसरतं, यात गावाची तरी काय चूक, असंही त्याच्या मनात आलं.

“आर्कादियो,” एदेल्मिरा म्हणाली, “आवतण द्यायला कुणाकुणाच्या घरी गेला होतास तू?”

“सगळ्यांना सांगितलं की. गेल्या रविवारी, चॅपेलच्या दारात, जपमाळ झाल्यावर. सगळेच होते तिथे. तूच तेवढी तापानं पडली होतीस. मी पायरीवर उभं राहून सांगितलं आणि सगळ्यांनी माना हलवल्या.”

एदेल्मिरानं हातातली टोपली हळूच खाली ठेवली.

“म्हणजे घरी कुणाच्याच गेला नाहीस.”

“एका दमात सगळ्यांना सांगून झालं, मग दारोदार कशाला फिरायचं?”

“अरे देवा. मी आठवडाभर बघतेय, हा रोज संध्याकाळी बाहेर पडतोय. मला वाटलं, आवतणं देतोय बिचारा.”

“मी वर ओंडके तासत होतो.”

“पायरीवर उभं राहून!” एदेल्मिरानं कपाळाला हात लावला. “बोट किती वाजता सुटणार ते असं सांगतात रे. घर ओढायला या म्हणून असं सांगत नाहीत. बाबांनी हे घर बांधताना किती दिवस आवतणं दिली होती, विसरलास? प्रत्येकाच्या चुलीपाशी जाऊन बसायचे, मातेचा काढा प्यायचे, बटाट्याचं बोलायचे, गुरांचं बोलायचे, आणि उठता उठता विचारायचे. तुला कुणी नाही म्हटलेलं नाही. तू कुणाला विचारलंच नाहीस.”

आर्कादियोनं तांबड्या दगडांकडे पाहिलं. “आता जाऊन येईपर्यंत हे थंड होतील.”

“होतील. मग परत तापवू. लाकूड आहे. ऊठ.”

तो उठला. कसा उठला ते त्याच्या गुडघ्यांनाच ठाऊक.

सगळ्यात जवळचं घर ओर्तेन्सियो बार्रियाचं. ओर्तेन्सियो वयानं त्याच्याहून मोठा, गावात मिंग्याच्या वेळी दोर कुठे बांधायचा हे तोच सांगणार. आर्कादियो फाटकातून आत शिरला आणि जागच्या जागी थांबला. अंगणात बैलांची जोडी उभी होती. शिंगांना जू बांधलेलं होतं. जुवाला साखळी अडकवलेली होती. बैलांनी पायांखालचा चिखल केला होता, म्हणजे पहाटेपासून ते तसेच उभे असावेत. दारापाशी दोराचं वेटोळं नीट गुंडाळून ठेवलं होतं. तो थोडा वेळ तिथेच बैलांच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

ओर्तेन्सियो आत चुलीपाशी बसला होता. पायांत गुडघ्यापर्यंतचे बूट, डोक्यावर टोपी.

“कोण, आर्कादियो? आज कुठे वाट चुकलास बाबा?”

“आलो असाच, डॉन ओर्तेन्सियो. म्हटलं भेटून यावं.”

“बस, बस. पाणी गरमच आहे.”

ओर्तेन्सियोच्या बायकोनं मातेचा तुंबा भरून, त्यात नळी खोचून त्याच्या हातात दिला. तो कडू हिरवा काढा आर्कादियोनं ओढायला सुरुवात केली. मग बटाट्यांचं बोलणं झालं. यंदा करपा कमी पडला. मग डुकरांचं झालं. मग पाद्रीबाबांच्या बोटीचं इंजिन कसं बिघडलं आणि ते शेजारच्या बेटावर कसे अडकले, ते साग्रसंगीत झालं. खिडकीतून दूरवर आपल्या खड्ड्याचा धूर आर्कादियोला दिसत होता, आणि तो पातळ होत चालला होता. आर्कादियोला बाकावर बसवेना. पण घाई करायची सोय नव्हती. घाईनंच तर घात केला होता.

तुंबा दुसऱ्यांदा फिरून आल्यावर तो म्हणाला, “डॉन ओर्तेन्सियो, घर वर न्यायचंय मला. माझ्या एकट्याच्यानं होणारं नाही. तुम्ही आलात तर फार उपकार होतील.”

ओर्तेन्सियोनं बराच विचार केल्यासारखं केलं.

“बघतो जमतंय का. तसे बैल आज मोकळेच आहेत,” तो म्हणाला, आणि नेमका तेव्हाच बाहेर एक बैल जू आपटत हंबरला. ओर्तेन्सियोच्या बायकोनं हसू लपवायला चुलीकडे तोंड फिरवलं.

“बाकीच्यांना तुम्ही निरोप दिलात तर...”

“मी? घर तुझं की माझं?” ओर्तेन्सियो म्हणाला. “जा आपल्या पायांनी. आणि एक ऐक. रुपेर्ताकडे जायचं चुकवू नकोस. वरच्या चढाला तिचीच जोडी लागणार. ती नसली तर तुझं घर अर्ध्या वाटेत बसेल, आणि मग ते ना वर ना खाली.”

त्यानंतर आर्कादियो दारोदार फिरला. प्रत्येक घरात तेच. माणसं बूट चढवून बसलेली, बायकांनी केस विंचरलेले, आणि दार उघडताना प्रत्येकाच्या चेहऱ्यावर केवढं ते आश्चर्य! सगळं गाव नटून घरात बसलं होतं, आणि कुणाचाही पाय उंबऱ्याबाहेर पडला नव्हता. प्रत्येक चुलीपाशी माते प्यावा लागला. नाही म्हणता येत नव्हतं. तिसऱ्या घरानंतर त्याच्या पोटात पाणी खळखळायला लागलं, पाचव्यानंतर तो दर कुंपणाआड थांबायला लागला. एका म्हाताऱ्यानं त्याला आपल्या दाढदुखीची हकिगत पहिल्या दिवसापासून ऐकवली आणि वर म्हणाला, “गडबडीत तर नाहीस ना?” आर्कादियो म्हणाला, “छे, छे.” सूर्य डोक्यावरून कलला तेव्हा एकच घर उरलं होतं. ते त्यानं मुद्दामच शेवटी ठेवलं होतं.

रुपेर्ता मान्सियाचं घर चढावर सगळ्यात वर होतं. तिच्या अंगणात बैल नव्हते. जू भिंतीला टांगलेलं होतं, आणि बैल लांब कुरणात मोकळे चरत होते. इथे कुणी त्याची वाट बघत बसलेलं नव्हतं, हे त्याला फाटकातूनच समजलं.

रुपेर्ताचा नवरा बेलार्मिनो हा आर्कादियोचा जिवाभावाचा मित्र. आर्कादियो पॅटागोनियात होता तेवढी सगळी वर्षं, दर पानगळीत बेलार्मिनो एदेल्मिराच्या दारात हिवाळ्याचं सरपण फोडून रचून देत असे. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. तीन वर्षांपूर्वी बेलार्मिनो वारला आणि आर्कादियो मातीला आला नाही. मेंढ्या कातरायचा हंगाम होता.

रुपेर्तानं दार उघडलं, त्याच्याकडे पाहिलं आणि बाजूला झाली. तो आत जाऊन बाकावर बसला. आता बटाट्यांचं बोलायला हवं होतं. पावसाचं बोलायला हवं होतं. त्यानं तोंड उघडलं आणि दुसरंच बाहेर पडलं.

“मी फार थकलोय, डोन्या रुपेर्ता.”

“दिसतंय.”

“मी तेव्हा यायला पाहिजे होतं.”

रुपेर्ता किटली चुलीवर ठेवत होती. तिनं मान वळवली नाही. “तुझा निरोप ऐकला मी. रेडिओवर. तुझ्या आधी कुणाची तरी गाय हरवली होती, आणि तुझ्यानंतर बोटीची वेळ सांगितली. मध्ये बेलार्मिनो.”

आर्कादियोनं खाली पाहिलं. रेडिओवरून सांत्वनाचा निरोप पाठवताना त्याला वाटलं होतं, सगळ्या बेटानं ऐकला म्हणजे तिला पोचला. त्यालाही तीन वर्षं झाली, आणि परत येऊन दोन महिने झाले तरी हा चढ त्यानं चढला नव्हता. “लाज वाटायची,” तो म्हणाला. “जितका उशीर होत गेला तितकी जास्त वाटायला लागली.”

“बेलार्मिनो असता तर म्हणाला असता, जाऊ दे. मी बेलार्मिनो नाही.”

“नाही.”

पाणी तापायला वेळ लागला. मग तिनं तुंबा भरला आणि त्याच्या हातात दिला. दिवसभरात त्यानं इतका माते ढोसला होता की वासानंच त्याला मळमळत होतं. त्यानं नळी तोंडात धरली आणि शेवटच्या घोटापर्यंत सगळा संपवला.

“आता विचार काय विचारायचंय ते,” रुपेर्ता म्हणाली.

त्यानं विचारलं. अगदी साधं विचारलं. घर पडेल, ताईला कास्त्रोला जावं लागेल, वरच्या चढाला तुमच्या जोडीशिवाय होणार नाही.

रुपेर्ता खिडकीतून कुरणाकडे बघत राहिली. “बैल पसरलेत. धरायला वेळ लागेल,” ती म्हणाली आणि बाकाखालचे बूट ओढून पायांत घालायला लागली. “चल. माझ्याबरोबरच ये. तुझ्यात तर उभं राहायचाही जीव दिसत नाही. उतारावर बैलाच्या पाठीला हात लाव.”

ते खाली उतरले तेव्हा वरचं शेत माणसांनी भरलं होतं. खड्ड्यात नवा जाळ धडधडत होता. आर्कादियोनं रचलेली मांडणी लोकांनी केव्हाच मोडली होती. दोन दगड तडकले म्हणून ओर्तेन्सियोनं बाहेर काढून फेकले होते, आणि आता तो काठीनं खड्ड्याचा काठ ठोकत आर्कादियोच्या बहिणीला सांगत होता, “मधे एवढा खोल कशाला खणला यानं? इथे काय कुणाला पुरायचंय?” आर्कादियोचा खड्डा सगळ्यांनी यथेच्छ चेष्टेला घेतला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला चेष्टा ऐकून बरं वाटलं.

दगड परत तांबडे झाले तशी निखारे ओढून काढायची घाई उडाली. शिंपल्या दगडांवर ओतल्या, तशी चर्रकन वाफ उठली. त्यांच्यावर पानं, पानांवर मांस आणि सॉसेज आणि बटाटे, परत पानं, मग बटाट्याच्या पोळ्या, परत पानं, आणि वर गवताची ढेपळं. बायका आणि पुरुष गुडघ्यांवर बसून, कुठून वाफ निसटतेय ते बघत, चिरा मातीनं बुजवत होते. खड्डा शिजायला लागला आणि सगळे दोरांकडे गेले.

घर खालच्या सपाटीवरून आलं ते डुलत डुलत, आरामात. चढाला लागलं आणि थांबलं. ओंडके करकरले. ओर्तेन्सियोनं हात वर केला. मग रुपेर्तानं आपली जोडी सगळ्यांच्या पुढे आणून जोडली. ती बैलांच्या तोंडासमोर उभी राहिली आणि हलक्या आवाजात त्यांच्याशी काहीतरी बोलली. आरडाओरडा नाही, काही नाही. दोर ताणले. घर हललं. एदेल्मिरा दोन्ही हात तोंडावर धरून उभी होती. आर्कादियोला दोर ओढायला कुणी जवळ येऊ दिलं नाही, त्याची अवस्था बघून. तो उलट्या बादलीवर बसून आपलं घर चढ चढताना बघत होता, आणि त्याचे डोळे वाहत होते, आणि ते पुसायचाही त्याला कंटाळा आला होता.

दिवस मावळायच्या आत घर वरच्या शेतात बसलं. खड्डा उघडला. दोनदा तापवलेल्या दगडांनी आपला हिशेब चुकता केला होता: शिंपल्या उत्तम झाल्या, मांस बरं झालं, पण कडेचे बटाटे कच्चे राहिले. ओर्तेन्सियोनं एक बटाटा दातानं फोडून दाखवला आणि यावरून सगळ्यांना हसायला लावलं. एदेल्मिरा तसलाच एक कच्चा बटाटा कुरतडत स्वयंपाकघरात बसली होती. खिडकीच्या रिकाम्या चौकटीतून तिला सगळं गाव जेवताना दिसत होतं.

रुपेर्ता आपला वाडगा घेऊन आर्कादियोशेजारी फळीवर येऊन बसली.

“पाऊस लांबला यंदा,” ती म्हणाली.

“हो.”

“तुझ्या ताईचा ताप उतरला वाटतं.”

“उतरला.”

ती थोडा वेळ जेवत राहिली. “सरपण तसंच पडलंय माझ्या दारात. ओंडके नुसते आणून टाकलेत. फोडायला बेलार्मिनो असायचा.”

“सोमवारी येतो मी,” आर्कादियो म्हणाला. “सकाळीच येतो.”

“मी अजून विचारलंय कुठे?” रुपेर्ता म्हणाली. तिनं वाडगा बाजूला ठेवला, एदेल्मिराला हाक मारून गरम पाणी आणायला सांगितलं आणि मग डुकरांचं बोलायला सुरुवात केली. आर्कादियो पाठ टेकून बसला आणि तिनं विचारायची वाट बघू लागला.